शेळीला किती ज्वारी?

सोमालियातल्या गुरांच्या बाजारांत गेली कित्येक वर्षं एक हिशेब दर महिन्याला मांडला जातो. एक शेळी विकली तर तेवढ्या पैशात किती किलो ज्वारी येते? बाजारात फिरून शेळीचा भाव विचारायचा, धान्याच्या दुकानात जाऊन ज्वारीचा विचारायचा आणि एकाला दुसऱ्याने भागायचं. याला उपग्रह लागत नाही की प्रयोगशाळा. तरी दुष्काळाची चाहूल लागायला याहून कामाचा आकडा क्वचितच सापडेल.

पाऊस गेला की चारा संपतो, जनावरं खंगतात आणि जो तो आपली जनावरं घेऊन बाजाराला निघतो. शेळीचा भाव कोसळतो. त्याच पावसाअभावी पीकही गेलेलं असतं, म्हणून ज्वारी चढते. समजा, बऱ्या वर्षी एका शेळीत महिनाभराची ज्वारी येत असेल, तर अशा वर्षी आठवड्याचीही निघत नाही. धनगराचं घर असं दोन्हीकडून आवळलं जातं. दुकानात पोत्यांची थप्पी लागलेली असते आणि पलीकडच्या पालात चूल पेटलेली नसते.

पडत्या भावात बैलजोडी विकली जाताना ज्याने पाहिली आहे, त्या मराठवाड्यातल्या किंवा माणदेशातल्या वाचकाला हे गणित समजावून सांगायला नको. परदेशी विद्यापीठांत मात्र ते पदव्युत्तर वर्गात शिकवलं जातं. ‘आंतरराष्ट्रीय विकास’ या नावाने गेल्या साठेक वर्षांत एक मोठी विद्याशाखा उभी राहिली. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या आवारातली विकास अभ्यास संस्था १९६६ची. पुढे जगभर तशा संस्था निघाल्या आणि आता आपल्याकडची मुलंही कर्ज काढून तिथे शिकायला जातात. या विषयात भरताड पुष्कळ आहे. उद्दिष्टांच्या याद्या, तिमाही अहवाल, दर पाच-सात वर्षांनी बदलणारी परिभाषा. पण ज्यांच्या पायाखालची जमीन सरकली आहे अशा माणसांना मदत करायची म्हणजे नेमकं काय करायचं, याबद्दल या शाखेने जे खरोखर कमावलं, ते बहुतांशी भुकेच्या अभ्यासातून कमावलं.

त्याची सुरुवात बंगालपासून करावी लागते. १९४३च्या दुष्काळात अमर्त्य सेन शांतिनिकेतनात शिकणारे नऊ-दहा वर्षांचे होते. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा आकडा पंधरा लाख धरला. नंतरचे बरेच अंदाज वीस ते तीस लाखांच्या घरात जातात. जवळजवळ चाळीस वर्षांनी, १९८१ साली, सेन यांनी ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या पुस्तकात या दुष्काळाचे आकडे मांडले. १९४३ साली बंगालात मिळू शकणारा तांदूळ आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा फार तर ५ टक्क्यांनी कमी होता. १९४१पेक्षा तर तो जास्तच होता, आणि १९४१ साली दुष्काळ पडला नव्हता. झालं होतं ते असं की, युद्धखर्चाचा पैसा कलकत्त्यात ओतला गेला, तांदळाचे भाव चढत गेले आणि ज्यांची मजुरी होती तिथेच राहिली ते शेतमजूर, मच्छीमार, भात कांडून पोट भरणाऱ्या बायका बाजाराच्या बाहेर फेकल्या गेल्या. तांदूळ होता, पण त्यावर त्यांचा दावा सांगणारं काहीच त्यांच्या हाती उरलं नव्हतं. या पुस्तकातल्या तपशिलांवर पुढे बरेच वाद झाले, अजून होतात. ‘धान्य किती आहे’ याऐवजी ‘ते कुणाच्या हाती पडतं’ हा प्रश्न मात्र पुन्हा मागे ढकलता आला नाही.

सेन यांचंच दुसरं उदाहरण इथिओपियातल्या वोलो प्रांताचं आहे आणि मला ते बंगालपेक्षाही बोलकं वाटतं. १९७३ साली वोलोत माणसं मरत होती, प्रांतातून जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर येऊन बसगाड्या आणि मोटारी थांबवून अन्न मागत होती. आणि प्रांताच्या राजधानीत, देस्सेत, धान्याचे भाव मात्र फारसे वाढले नव्हते. भाव चढायला गिऱ्हाईक लागतं. वोलोच्या शेतकऱ्याचं पीकच बुडाल्याने त्याच्याकडे खायलाही नव्हतं आणि विकत घ्यायला पैसाही नव्हता. काही धान्य तर वोलोतून बाहेर, आदिस अबाबाकडे आणि अस्मराकडे गेलं, कारण तिथे पैसे मोजणारे होते. भाव स्थिर म्हणजे टंचाई नाही, असं मानणाऱ्या अधिकाऱ्याला या बाजारात काहीच दिसलं नसतं. सम्राट हैले सेलासी यांच्या सरकारने प्रकरण दडपलं. ऑक्टोबर १९७३मध्ये पत्रकार जोनाथन डिम्बलबी यांचा माहितीपट ब्रिटिश दूरचित्रवाणीवर दाखवला गेला आणि जगाला ते समजलं. पुढच्या सप्टेंबरात सम्राटांची गादी गेली.

सेन यांचा अभ्यास कागदपत्रांवर आणि आकड्यांवर उभा होता. उपाशी माणूस स्वतः काय करतो, हे पाहायला कुणीतरी गावात जाऊन बसायला हवं होतं. सुदानच्या पश्चिमेकडच्या दारफुर प्रांतात १९८४-८५ साली दुष्काळ पडला, तेव्हा अलेक्स द वाल हा तरुण इंग्रज संशोधक तिथे गेला. त्याचं ‘फॅमिन दॅट किल्स’ हे पुस्तक १९८९ साली आलं. त्यात दिसलेली गोष्ट मदत संस्थांच्या पचनी पडणारी नव्हती. दारफुरच्या लोकांची पहिली धडपड पोट भरण्याची नव्हतीच. दुष्काळ संपल्यावर उभं राहता यावं, यासाठी ते आपण होऊन उपाशी राहत होते. पेरणीचं बियाणं पोरांच्या तोंडी जाऊ नये म्हणून त्यात माती मिसळून ठेवणारी घरं होती. जनावर विकण्याआधी माणसं रानात जात. तिथे मुखेत नावाचं झुडूप आहे. त्याच्या बिया कडू आणि बाधणाऱ्या. पाणी बदलत त्या कित्येक दिवस भिजवाव्या लागतात, मग शिजवून खाता येतात. हे काम बायकांचं, आणि पाणीही त्यांनीच लांबून आणायचं. बाहेरून आलेल्या माणसाला बिया भिजत घातलेलं मडकं म्हणजे शेवटची लाचारी वाटली असती. प्रत्यक्षात ती योजना होती. मुखेत खाऊन काढलेला प्रत्येक आठवडा म्हणजे न विकलेली एक शेळी.

द वाल यांचा दुसरा निष्कर्ष याहून महत्त्वाचा म्हणावा लागेल. दारफुरात मेलेली माणसं बहुतेक गोवर, हगवण आणि हिवतापाने मेली. जिथे स्थलांतरित लोक दाटीने राहिले आणि पाणी घाण झालं, तिथे मुलं अधिक मेली. म्हणजे लस आणि स्वच्छ पाणी वेळेवर मिळालं असतं, तर धान्याच्या जहाजांची वाट पाहत असतानाही पुष्कळ जीव वाचले असते. जहाजं आली, पण उशिरा, आणि लोकांनी खाल्लेल्या एकूण अन्नात त्या धान्याचा वाटा थोडाच होता. अमेरिकेतून आलेल्या त्या ज्वारीला सुदानी लोक सरळ ‘रेगन’ म्हणू लागले. आपल्याकडे त्याआधी दहा-बारा वर्षं अमेरिकेचीच लाल मिलो ज्वारी येऊन गेली होती. अध्यक्षांचं नाव मात्र आपण तिला दिलं नाही!

त्या वर्षांकडे आता वळायलाच हवं, कारण जगभरच्या विकास अभ्यासात महाराष्ट्राचं नाव येतं ते प्रामुख्याने बहात्तरच्या दुष्काळामुळे. १९७०पासून पावसाने ओढ दिली होती आणि १९७२ साली खरीप आणि रब्बी दोन्ही गेली. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला. त्याच सुमारास आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यातही दुष्काळ होता. माणशी धान्याची उपलब्धता पाहिली, तर महाराष्ट्राची अवस्था साहेलपेक्षा वाईट होती. साहेलमध्ये मोठ्या संख्येने माणसं दगावली. महाराष्ट्रात हाल अपरंपार झाले, जनावरं गेली, पण मृत्यूंचा आकडा तसा उसळला नाही. मे १९७३मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती.

हे कसं साधलं? मजुरी हातात आली म्हणून. खडी फोडायची, पाझर तलावाची माती उपसायची, नालाबांध घालायचे, मुकादमाने मस्टरवर हजेरी मांडायची, आठवड्याला पैसे. तो पैसा गावच्या बाजारात आला की व्यापारी धान्य आणत, राज्याराज्यांतल्या धान्यबंदीला वळसा घालूनही आणत. सरकारी रेशन पुरत नव्हतंच. वोलोतून धान्य बाहेर गेलं आणि मराठवाड्यात आत आलं, यातला फरक मुख्यतः मजुरांच्या खिशातल्या त्या रकमेचा होता. कामावर सुकडी वाटली जायची, तिची चव त्या पिढीच्या जिभेवर अजून आहे. उन्हात दगड फोडायच्या या कामात बायकांचा वाटा फार मोठा होता आणि त्यात गौरव करण्यासारखं काही नाही. मजुरी थकायची, मापात मारलं जायचं, फोडलेल्या खडीचं पुढे काय होणार हे कुणाला माहीत नसायचं. अभ्यासक कुमुदिनी दांडेकरांनी पुढे राज्याच्या रोजगार हमी योजनेचा अभ्यास केला तो मुख्यतः बायकांना मिळणाऱ्या कामाच्या अंगाने. ते काम एवढं कष्टाचं असूनही त्यांच्यासाठी किती मोलाचं होतं, हे त्यातून समोर आलं.

मागेल त्याला काम देण्याची ही कल्पना काही १९७२ साली आभाळातून पडली नव्हती. वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. त्यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात आधीच तिचा लहानसा प्रयोग करून पाहिला होता. दुष्काळानंतर ती टिकली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि १९७९च्या प्रजासत्ताक दिनापासून तो लागू झाला. तिच्या खर्चासाठी शहरी पगारदारांवर व्यवसाय कर बसला. पगारपत्रकात दर महिन्याला कापले जाणारे ते दोनशे रुपये कशाचे, हे मुंबई-पुण्यातल्या कितीजणांना ठाऊक असेल कोण जाणे. २००५ साली केंद्राचा रोजगार हमी कायदा आला, तो याच वाटेने. त्याच वर्षी इथिओपियानेही आपला मोठा सुरक्षा कार्यक्रम सुरू केला. अन्नटंचाई कायमचीच असलेल्या तालुक्यांत दर वर्षी ठरलेल्या महिन्यांत काम द्यायचं, डोंगरउतारावर बांध घालून घ्यायचे, ज्यांच्याकडून काम होत नाही त्यांना थेट मदत करायची. वोलोचा मुलूखही त्यात आहे.

आणखी मागे गेलं, तर या अभ्यासाचा एक धागा पुण्यातच सापडतो. १८७६-७८च्या दुष्काळात पुणे सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून अहवाल प्रसिद्ध केले. तेव्हा ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या माणसाचा दर दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडी रोकड एवढ्यावर आणला होता. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी त्या दरावर काम करायला नकार दिला आणि सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. उपाशी माणसांचा संप! आज विकास अभ्यासाच्या वर्गात ‘लोकसहभाग’ शिकवताना हे उदाहरण द्यायला हरकत नाही.

पण बहात्तरचा दाखला जगभर घेऊन फिरताना एक गोष्ट विसरून चालत नाही. त्या वेळी महाराष्ट्रात सरकार होतं. मोर्चा काढला तर तो कुठे न्यायचा हे माहीत होतं, विधिमंडळात प्रश्न विचारला जात होता, वर्तमानपत्रं कामांवरचे घोटाळे छापत होती. तहसीलदार कितीही निबर असला, तरी त्याच्या कचेरीवर बॉम्ब पडत नव्हते. जिथे सरकारच उरलेलं नाही किंवा ते दोन तुकडे होऊन एकमेकांवर तोफा डागतं, तिथे मस्टर कुणी ठेवायचं?

२०११चा दक्षिण सोमालिया अशा जागांपैकी एक. मोठा भाग अल-शबाब या सशस्त्र संघटनेच्या ताब्यात होता, जागतिक अन्न कार्यक्रमाला तिथलं काम थांबवावं लागलं होतं आणि अमेरिकेच्या दहशतवादविरोधी कायद्यांच्या धास्तीने बाकीच्या संस्थाही हात आखडून होत्या. पाऊस चुकला, शेळी-ज्वारीचा हिशेब महिन्यामागून महिने घसरत गेला आणि इशारे देणारे इशारे देत राहिले. संयुक्त राष्ट्रांनी दुष्काळ जाहीर केला तो २० जुलै २०११ला. तोवर मृत्यू ऐन भरात आले होते. ऑक्टोबर २०१० ते एप्रिल २०१२ या काळात सुमारे २ लाख ५८ हजार माणसं गेली, असा अंदाज नंतरच्या अभ्यासात निघाला. त्यांतली निम्मी पाच वर्षांखालची मुलं.

धान्याचे ट्रक जाऊ शकत नव्हते, तिथे पैसा गेला. सोमाली समाजात हवाल्याचं जाळं जुनं आणि दाट आहे. लंडनमध्ये किंवा नैरोबीत टॅक्सी चालवणारा भाऊ दुकानात पैसे भरतो आणि बैदोआतली बहीण तिकडच्या दुकानातून ते उचलते. मदत संस्थांनी शेवटी हीच वाट धरली. रोख वाटली तर धान्य आणखी महागेल, पुरुष पैसे उडवतील, बंदूकवाले लुटतील, अशा शंका होत्या. त्यांपैकी शेवटची थोडीफार खरी ठरली. वाटपात काही ठिकाणी वाटेकरी शिरले. मात्र धान्याचे ताफे काही त्याहून सोवळे नव्हते. पैसा आला तसे व्यापाऱ्यांनी धान्य आत आणलं आणि लोकांनी त्यातून उधारीही फेडली. ही उधारी फेडणं काही अधिकाऱ्यांना खटकलं. ज्याच्या दुकानाच्या वहीवर गाव सहा महिने जगलं, त्याचे पैसे चुकते केले नाहीत तर पुढच्या वेळी पोतं कोण देणार, हे गावाला कळत होतं.

या अनुभवांतून मोजमापाची एक पद्धत घडत गेली. तिचा पहिला आराखडा २००४च्या सुमारास सोमालियातच तयार झाला. पाच पायऱ्या आहेत आणि पाचवी पायरी म्हणजे दुष्काळ. ती जाहीर करायला तीन अटी लागतात. पाचातल्या एका घरात अन्नाचं जवळजवळ काहीच नाही, शंभरातली तीस मुलं तीव्र कुपोषित, आणि दर दिवशी दहा हजारांमागे दोन मृत्यू. शेवटची अट गावाच्या मापात सांगायची तर पाच हजार वस्तीच्या गावात रोज एक प्रेत उचलावं लागणं. एवढं झाल्यावर जाहीर होणारा दुष्काळ हा इशारा कसला, तो पंचनामा झाला. खरी मदत तिसऱ्या पायरीवर व्हायला हवी, जनावरं विकायला सुरुवात होते तेव्हा. आपल्याकडची चारा छावणी नेमकं तेच करते. तिच्यातल्या भ्रष्टाचाराच्या कहाण्या सोडून द्या. गोठ्यातलं जनावर वाचलं की घर वाचतं, हा तिच्यामागचा विचार पक्का आहे.

या पद्धतीने दुष्काळ ठरवला गेला त्या जागा पाहा. २०११ सोमालिया, २०१७ दक्षिण सुदान, २०२४ सुदान, २०२५ गाझा. चारही ठिकाणी युद्ध किंवा बंदुकीचं राज्य. पाऊस चुकल्याने पडणारा दुष्काळ कसा रोखायचा हे आता जगाला बऱ्यापैकी कळतं. ज्याला लोकांना उपाशीच ठेवायचं आहे त्याचा हात कसा धरायचा, याला विकास अभ्यासात उत्तर नाही. ते राजकारणाचं काम आहे, आणि मदत संस्थांच्या कार्यक्षमतेची चर्चा करताना ते सोयीस्करपणे बाजूला पडतं.

२०२४ साली दुष्काळ जाहीर झाला तो पुन्हा दारफुरात, अल-फशीर शहराजवळच्या झमझम छावणीत. द वाल जिथे फिरले त्याच मुलखात. एप्रिल २०२३मध्ये सुदानचं सैन्य आणि निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटलं, तशा बहुतेक परदेशी संस्था राजधानी खार्टूम सोडून गेल्या. मागे राहिलेल्या तरुणांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांत मदत गट उभे केले. यांतले बरेचजण २०१८-१९च्या सरकारविरोधी आंदोलनात एकत्र आलेले होते. सुदानात नफीर नावाची जुनी रीत आहे. आपल्याकडच्या इर्जिकीसारखं, एकाच्या कामाला सगळ्यांनी धावायचं. तिच्या जोरावर सार्वजनिक स्वयंपाकघरं सुरू झाली. मोठी पातेली, मसूर किंवा फूल म्हणतात ती घेवड्यासारखी उसळ, आणि डबे घेऊन रांगेत उभी असलेली मुलं. पैसा परदेशातल्या सुदानी लोकांकडून मोबाइलच्या बँक अ‍ॅपवर येई. फेब्रुवारी २०२४मध्ये देशभर मोबाइल सेवा बंद पडली, तेव्हा पैसे येणं थांबलं आणि बरीच स्वयंपाकघरं बंद ठेवावी लागली. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, तेव्हा खार्टूममधली बहुसंख्य स्वयंपाकघरं पुन्हा बंद पडली. दुष्काळाची पूर्वसूचना देणारी, १९८५पासून चाललेली अमेरिकी यंत्रणाही त्याच आदेशाने काही महिने अंधारात गेली.

या गटांना २०२५चा राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला. कौतुक झालं ते ठीकच, पण त्यांची अडचण वेगळी आहे. देणगीदार संस्थेला नोंदणीपत्र हवं असतं, ठरावीक नमुन्यातली पावती हवी असते, लेखापरीक्षण हवं असतं. वेढा पडलेल्या शहरात नोंदणी कुणाकडे करायची, ज्या फौजेचा ताबा आहे तिच्याकडे की दुसऱ्या फौजेकडे? मसूर विकणारा दुकानदार पावती देत नाही आणि दिली तर नाक्यावरच्या झडतीत ती जिवावर बेतू शकते. गटाचे लोक खर्चाचा हिशेब आपल्या वस्तीपुढे ठेवतात. वस्तीला तो पुरतो, जिनिव्हाला पुरत नाही. म्हणून पैसा मोठ्या संस्थेकडे जातो, तिच्याकडून मधल्या संस्थेकडे आणि प्रत्येक टप्प्यावर थोडा झिजत, महिने घेत पातेल्यापर्यंत पोहोचतो. रक्कम लहान ठेवायची, ती लवकर द्यायची, तिच्यातला काही भाग वाया जाईल हे आधीच धरून चालायचं आणि हिशेब वस्तीकडून घ्यायचा, अशी मांडणी काही देणगीदारांनी करून पाहायला सुरुवात केली आहे. त्यांच्या लेखा विभागांना ते अजून मानवत नाही.